बुटीबोरीतल्या घातक कचऱ्याचा इमर्जन्सी प्लॅन फायलीतून बाहेर काढा : नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा क्रायसिस ग्रुप, नागपूर
आणि बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर एमआयडीसीतले समस्त कारखानदार

साहेब, नमस्कार. पत्र लांब होणार आहे, चहा सांगूनच वाचायला घ्या.

२०११ साल आठवा. जबलपूरच्या हायकोर्टानं सांगितलं होतं की भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात पडून असलेला साडेतीनशे टनांच्या आसपासचा विषारी कचरा नागपूरला न्या आणि बुटीबोरीजवळच्या डीआरडीओच्या इन्सिनरेटरमध्ये, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीत, जाळा. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा. निवेदनं काय, मोर्चे काय, पर्यावरणवाले कोर्टात गेले, राज्य सरकारनंही नाही म्हटलं आणि शेवटी तो कचरा इकडं आलाच नाही. बरंच झालं. पण मी तेव्हा बुटीबोरीतच एका कंपनीत स्टोअर पाहायचो आणि ज्या आठवड्यात सगळं नागपूर भोपाळच्या कचऱ्यावर बोलत होतं त्याच आठवड्यात आमच्या मागच्या शेडमध्ये भिंतीला लागून आमचेच ड्रम उभे होते, शेजारच्या कंपनीत त्यांचे, पलीकडच्या प्लॉटवर त्यांचे, आणि त्याला उद्या आग लागली तर काय, हे विचारायला एकही माणूस आला नाही. ना पेपरवाला, ना पुढारी, ना आमच्याच कंपनीतला कोणी. बाहेरून येणाऱ्या कचऱ्याची भीती वाटते, घरच्याची सवय होऊन जाते.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसला तरी चालेल. जिथं जिथं घातक कचरा साठवला जातो, वाहून नेला जातो, जाळला किंवा पुरला जातो, तिथला इमर्जन्सी प्लॅन मराठीत आणि हिंदीत, दोन पानांत, गेटवर लागला पाहिजे, आणि तो फायर ब्रिगेडच्या गाडीत, पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतीत असला पाहिजे. जाडजूड प्लॅन नको. तो तर आहेच, ऑफिसातल्या कपाटात, स्पायरल बाइंडिंग केलेला, कन्सल्टंटनं इंग्रजीत लिहून दिलेला.

आता कचऱ्याला वेगळा प्लॅन कशाला, केमिकल फॅक्टरीचा असतोच की, असं कोणी म्हणेल. यातच खरी गोम आहे राजेहो. कच्चा माल येतो तेव्हा ड्रमवर नाव असतं, सोबत सेफ्टी डेटा शीट असते, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, किती, पाणी चालतं का फोम लागतो, डोळ्यात गेलं तर काय करायचं सगळं लिहिलेलं असतं. टोल्युइन या सॉल्व्हंटचा, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाचा, फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस, ॲसिटोनचा तर शून्याच्याही खाली वजा २०, हे कुठंही सापडतं. पण कचऱ्याचा ड्रम म्हणजे या बॅचचं उरलेलं, त्या बॅचची धुवण, थोडा गाळ, वरून कोणीतरी टाकलेले तेलकट बोळे, असा सगळा प्रकार. त्याच्यावर पेंटनं लिहिलेलं असतं "वेस्ट सॉल्व्हंट" नाहीतर नुसतं "स्लज". त्याची डेटा शीट कोण बनवणार? आणि ज्याला आपण काही किंमत देत नाही त्या वस्तूची जागाही तशीच असते, सगळ्यात मागची, सगळ्यात अंधारी, पत्र्याची, जिथं बंब जाऊ शकत नाही कारण वाटेत भंगार पडलेलं असतं.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात बाहेर ४५-४६ असतं तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये हात लावू शकत नाही अशी परिस्थिती असते, सॉल्व्हंटचे ड्रम फुगतात, झाकण ढिलं करायला गेलं की वाफ फुस्स करून तोंडावर येते. ज्यानं ते केलंय त्याला विचारा. आणि लगेच जूनमध्ये पाऊस, छप्पर गळतं, आणि काही काही कचऱ्याला पाणी अजिबात चालत नाही. ॲल्युमिनियम वितळवणाऱ्यांकडं जी राखेसारखी मळी निघते, ड्रॉस म्हणतात, ती ओली झाली की गरम होते, अमोनिया सुटतो, हायड्रोजन सुटतो. बाहेरून पाहिलं तर राखेच्या गोण्या. समजा रात्री त्या शेडला आग लागली आणि बिचाऱ्या फायरमननं आपलं काम म्हणून पाण्याचा मारा केला तर? त्याला कोणी सांगितलं होतं का की बाबा इथं पाणी नको, कोरडी वाळू टाक?

प्लेटिंगवाल्यांचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्यांचंही तसंच. सायनाइडच्या बाथचा गाळ एकीकडं आणि पिकलिंगचं, म्हणजे धातूवरचा गंज काढायला वापरलेलं, ॲसिड दुसरीकडं, दोन्ही वेगवेगळे असतील तर ठीक, पण दोन्ही कॅन एकाच कोपऱ्यात ठेवले आणि गळून एकत्र झाले तर हायड्रोजन सायनाइड गॅस तयार होतो, त्याला माणूस मारायला फार वेळ लागत नाही. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते अंगावर उडालं तर सुरुवातीला कधी कधी फारसं दुखतही नाही, पण आत हाडापर्यंत जातं आणि त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावावं लागतं, नुसत्या पाण्यानं भागत नाही. आता मला सांगा, रात्री दोन वाजता असा पेशंट जवळच्या दवाखान्यात नेला तर ड्यूटीवरच्या इंटर्न डॉक्टरला कोण सांगणार की हे साधं भाजणं नाही? ज्यानं आणलं तो कंत्राटी मजूर, बालाघाट नाहीतर छिंदवाड्याचा, त्याला एवढंच माहीत की "ॲसिड गिरा".

अमेरिकेत एक गाव आहे, एपेक्स, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. ५ ऑक्टोबर २००६ ला रात्री तिथल्या घातक कचऱ्याच्या केंद्राला आग लागली. कारखाना नव्हता तो, बाकीच्यांचा कचरा गोळा करून पुढं पाठवणारं ठिकाण. रात्री आत एकही माणूस नव्हता. गावावर ढग पसरला, फायर ब्रिगेडवाले आले पण आत नेमकं काय काय, किती आणि कुठं ठेवलंय याची माहिती त्यांच्या हातात नव्हती, मग करणार काय, लांब थांबून जळू द्यायचं आणि गाव रिकामं करायचं. सुमारे १७ हजार लोकांना रातोरात घराबाहेर काढलं. कोणी मेलं नाही, पण पोलीस आणि फायरवाल्यांसकट बऱ्याच जणांना त्रास झाला, दवाखान्यात न्यावं लागलं. नंतर त्यांच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं चौकशी केली तर कळलं की विमानातली जुनी ऑक्सिजन जनरेटर, जी पूर्ण वापरून संपवलेली नव्हती, ती तिथं कचरा म्हणून येऊन पडली होती आणि त्यांनी आग आणखी भडकवली. आगीला थोपवणाऱ्या भिंती नव्हत्या, आपोआप आग विझवणारी यंत्रणा नव्हती. अमेरिकेत हां, जिथं सगळं कागदावर टापटीप असतं.

त्यांच्याकडं आता मोठ्या प्रमाणात घातक कचरा तयार करणाऱ्यांना प्लॅन स्थानिक फायर ब्रिगेड, पोलीस, दवाखाना यांना द्यावा लागतो आणि २०१६ च्या नियम-बदलानंतर नव्यानं प्लॅन देणाऱ्याला त्यासोबत एक छोटी झटपट वाचायची माहितीही द्यावी लागते. त्यात काय असतं ते पाहा. कचरा कोणता ते सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, तो कशानं धोक्याचा, एका वेळी जास्तीत जास्त किती असू शकतो, कोणत्या कचऱ्यानं इजा झाली तर दवाखान्यात खास उपचार लागतील, आतला नकाशा, बाहेरच्या रस्त्यांचा आणि वस्तीचा नकाशा, पाणी कुठून घ्यायचं, अलार्म कोणता, आणि चोवीस तास फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव नि नंबर. संपलं. यातली कुठली गोष्ट आपल्याला परवडत नाही? एक फ्लेक्स छापायला जेवढे पैसे लागतात तेवढेच. वाढदिवसाचे फ्लेक्स तर आपल्याकडं चौकाचौकात लागतात, एक हा पण लावा.

बरं, कायदा नाही असंही नाही. उलट आपल्याकडं कायदे भरपूर आहेत, भोपाळनंतर एकामागून एक आले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत मोठा धोका असलेल्या कारखान्यानं आतला, म्हणजे ऑन-साइट प्लॅन करायचा आणि दर ६ महिन्यांनी त्याची मॉक ड्रिल घ्यायची, आणि कुंपणाबाहेरचा, म्हणजे ऑफ-साइट प्लॅन प्रशासनानं करायचा आणि वर्षातून एकदा तरी त्याची रंगीत तालीम करायची असं लिहिलेलं आहे. मग १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम आले, त्यात केंद्रापासून खाली औद्योगिक पट्ट्यापर्यंत क्रायसिस ग्रुप, म्हणजे अशा अपघातांची तयारी ठेवणाऱ्या समित्या. साहेब, जिल्ह्याचे अध्यक्ष तुम्ही. लोकल क्रायसिस ग्रुपचे अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी. आणि या लोकल ग्रुपमध्ये कोण कोण बसतं हे वाचून मला तर गंमतच वाटली, फॅक्टरी इन्स्पेक्टर, कारखान्यांचे लोक, घातक माल वाहणारे ट्रान्सपोर्टर, ठाणेदार, फायर ऑफिसर, बीडीओ हे तर आहेतच, पण सोबत गावचा सरपंच किंवा गावातला पुढारी माणूस, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, परिसरातले दोन डॉक्टर, दोन समाजसेवक, एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी. किती विचार करून लिहिलंय बघा कोणीतरी. महिन्याला एकदा मीटिंग घ्यायची असंही आहे. दर ६ महिन्यांनी मोठी मॉक ड्रिल आहे. आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आजूबाजूच्या लोकांना शिकवणं आणि लोकांच्या सगळ्या विचारणांना उत्तर देणं हे या ग्रुपच्या कामांतच नमूद केलेलं आहे.

तर हे पत्र म्हणजे माझी रीतसर विचारणा समजा. आमच्या पट्ट्यातल्या लोकल क्रायसिस ग्रुपमध्ये सरपंच कोण, संपादक कोण, ते दोन डॉक्टर कोण? नावं जाहीर करा. मागची मीटिंग कधी झाली, त्यात काय ठरलं, कागद गावात लावा. बोरीत, टाकळघाटात चहाच्या टपरीवर मी विचारून पाहिलं, लोक म्हणतात क्रायसिस ग्रुप काय, बचत गटासारखं आहे का.

आणखी एक भोक आहे या सगळ्यात. हे १९८९ नि १९९६ चे नियम चालतात ते केमिकलच्या ठरावीक मर्यादेवर, तेवढा साठा असला तर तुम्ही "मोठ्या धोक्याचे" कारखानदार, त्याखाली असलात की बऱ्याच गोष्टींतून मोकळे. पण कचऱ्याचा धंदा हा छोट्या छोट्या लोकांचा पण आहे ना. वापरलेलं ऑइल गोळा करून शुद्ध करणारे, केमिकलचे रिकामे ड्रम धुवून विकणारे, भंगारात बॅटऱ्या फोडणारे. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा बेकार असतो कधी कधी, तळाशी वाटीभर सॉल्व्हंट उरलेलं असतं, बाकी सगळी वाफ, आणि त्याच्यावर गॅस कटर चालवला की झालं काम. अशा ठिकाणांचं नाव कुठल्याच जिल्हा प्लॅनमध्ये यायचं नाही कारण ते त्या मर्यादेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांचा आधार घ्या. त्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून परवानगी घेतानाच, पहिल्याच फॉर्ममध्ये, इमर्जन्सी प्लॅन मागितलेला आहे आणि त्या प्लॅनमध्ये लोकांना आणि आपत्कालीन यंत्रणांना माहिती कशी देणार हेही असलं पाहिजे. म्हणजे आमच्या मागणीसाठी नवीन जीआर काढायची गरजच नाही. परवानगी रिन्यू करायला आला की विचारायचं, गेटवर लावला का? फोटो दाखव. नसेल तर लावून ये.

मॉक ड्रिलबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मी नोकरीत असताना ज्या पाहिल्या त्या सगळ्या सकाळी अकराच्या. आठ दिवस आधी नोटीस, आदल्या दिवशी झाडझूड, पाहुण्यांसाठी शामियाना, मग भोंगा वाजतो, सगळे हसत हसत असेंब्ली पॉइंटला जातात, एक जण जखमी म्हणून स्ट्रेचरवर झोपतो, बंब येतो, थोडा फोम उडवतो, साहेब भाषण करतात, समोसा, चहा, फोटो, खतम. ड्रिल यशस्वी झाल्याचा रिपोर्ट तर मी पाहिलाय की दुपारी जेवणाआधीच टाइप झालेला असायचा. एका कंपनीत, नाव घेत नाही, इमर्जन्सीच्या बोर्डावर जे चार नंबर होते त्यातला एक माणूस रिटायर होऊन गावी गेला होता आणि एक नंबर लागतच नव्हता, आणि तो बोर्ड ऑडिटमध्ये पास झालेला, कारण ऑडिटरनं बोर्ड आहे का पाहिलं, नंबर फिरवून कोण पाहतो.

अपघात अकरा वाजता शामियाना बघून होत नाही. रात्री दोनला शेडमध्ये असतो कोण? एजन्सीचा एक गार्ड, बारा तासांची ड्यूटी, त्याच्याकडं एक टॉर्च, एक रजिस्टर. शेडची चावी ऑफिसात, ऑफिसची चावी साहेबांकडं, साहेब मनीषनगर नाहीतर धरमपेठेत झोपलेले. तो गार्ड आधी सुपरवायझरला फोन लावतो, सुपरवायझर मॅनेजरला, मॅनेजर म्हणतो थांब, आधी बघ किती लागलीय, लगेच बाहेर फोन नको करू, उगाच बोभाटा होईल. आणि खरं सांगायचं तर यात सगळ्यात जास्त वेळ जातो. त्या गार्डला एकच सांगायला हवं की तू कुणाला न विचारता ११२ ला किंवा १०१ ला फोन लावायचा आणि त्यासाठी तुला कोणी काही बोलणार नाही, लेखी. हे वाक्य मालकाच्या सहीनं गार्डच्या केबिनमध्ये लावलं तर अर्धी लढाई जिंकली. नियमही तेच म्हणतो की अपघात झाला की ताबडतोब प्रदूषण मंडळाला कळवायचं, मग सविस्तर रिपोर्ट फॉर्म ११ मध्ये. ताबडतोब म्हणजे दुसऱ्या दिवशी पंचनामा झाल्यावर नव्हे.

म्हणून यापुढची एक तरी ड्रिल रात्री घ्या साहेब, न सांगता, आणि गार्डपासून सुरू करा. त्याचा फोन कधी गेला, बंब कधी आला, बंबवाल्याला गेटवर कागद मिळाला का, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला किंवा मिहानच्या एम्सला फोन गेला का. घड्याळ लावून. फजिती होईल पहिल्यांदा, होऊ द्या, ड्रिलमध्येच होऊ द्या.

गावाचं तर कोणी धरतच नाही. आमच्याकडं शिफ्टचा भोंगा दिवसातून किती वेळा वाजतो, मग धोक्याचा कोणता? भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद केला होता, आणि जे धावत सुटले त्यांच्या छातीत धापा टाकत टाकत गॅस जास्त गेला. हमिदिया हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना हा कोणता गॅस, उपचार काय, हे वेळेवर कोणी सांगितलंच नाही. चाळीस वर्षं उलटून गेली त्याला. आज आमच्या गावात तुम्ही कोणालाही विचारा की वास आला, डोळे चुरचुरले तर काय करशील, तो म्हणेल गाडी काढून पळीन. कुठं? तर वर्धा रोडवर. आणि वारा जर त्याच बाजूला असेल तर? वाऱ्याला आडवं जायचं असतं, वाऱ्यासोबत नाही, आणि बरेचदा पळण्यापेक्षा घरात बसून दारं-खिडक्या बंद करून, फटीत ओली चादर कोंबून, कूलर बंद करून बसणं जास्त बरं असतं. कूलर बंद करायचा हे तर मुद्दाम सांगायला लागेल, कारण विदर्भात मे महिन्यात माणूस बाकी काहीही बंद करेल पण कूलर नाही, आणि कूलर म्हणजे बाहेरची हवा ओढून आत फेकणारं मशीन. हे पुण्या-मुंबईच्या कन्सल्टंटला सुचणार नाही, त्याच्या प्लॅनमध्ये एसी लिहिलेला असतो.

ट्रकांचं थोडक्यात सांगतो. बुटीबोरीत कॉमन फॅसिलिटी, म्हणजे सगळ्या कारखान्यांचा घातक कचरा जाळायची-पुरायची सामायिक जागा आहे, राज्यात अशी मोजकीच आहेत, म्हणजे विदर्भातल्या कारखान्यांचा कचरा रस्त्यानंच इकडं येणार. ट्रकसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कोणता कचरा कुठून कुठं चाललाय त्याचा कागद असतो, सात रंगांच्या प्रतींचा, तो बरोबर भरलेला असतो कारण त्याच्यावर बिल निघतं. पण ड्रायव्हरजवळ जे इमर्जन्सी कार्ड द्यायला सांगितलंय, फॉर्म ९ मधलं, ते ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत असतं का हे एकदा आरटीओ आणि हायवे पोलिसांना रस्त्यावर उभं राहून बघायला सांगा. ट्रक ढाब्यावर गळायला लागला तर पहिला माणूस तिथं कोण पोचणार, तर ढाबेवालाच. तो बादलीभर पाणी ओतणार.

पाण्यावरून आठवलं. आग विझवलेलं पाणी कुठं जातं? याचा विचार आपल्या प्लॅनमध्ये शेवटच्या पानावर असतो, असला तर. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवली, पण विझवायला वापरलेल्या पाण्यासोबत गोदामातली कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली, नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. आग त्या गोदामात, नुकसान खाली दुसऱ्या देशांपर्यंत. आमच्याकडं एमआयडीसीतले नाले शेवटी वेणा नदीच्या बाजूलाच उतरतात, खाली शेतं आहेत, विहिरी आहेत, जनावरं पाणी पितात. जिथं ड्रम ठेवलेत तिथं आगीचं पाणी अडवायला खड्डा आहे का, नाल्याच्या तोंडाला गेट आहे का, ते बंद कोण करणार आणि त्याचा पाना कुठं ठेवलाय, एवढं तरी त्या दोन पानांत यायला हवं.

आणि हे सगळं नागपुरात सांगावं लागतंय याचं मला जास्त वाईट वाटतं. देशभरातले फायर ऑफिसर जिथं शिकतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या शहरात. एनडीआरएफची अकादमी आपल्याकडं. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी वर्धा रोडलाच, बुटीबोरीला जायच्या वाटेवर. स्फोटकांचे नि पेट्रोलियमचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला. बाहेरच्या राज्यातून लोक इथं येऊन शिकून जातात की केमिकलची आग कशी हाताळायची, आणि तीसेक किलोमीटरवरच्या गावाला भोंगा कोणता ते माहीत नाही. यातल्या एका तरी संस्थेच्या ट्रेनिंगच्या बॅचला बुटीबोरी आणि हिंगणा हाच अभ्यास म्हणून द्या ना. शेडमध्ये जातील, मालकाशी बोलतील, दोन पानं तयार करतील, त्यांचं शिक्षण होईल, आमचं काम होईल. फुकट.

बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ ला ९ जण गेले, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला किमान ८ जण. ते स्फोटकांचे कारखाने, विषय वेगळा, मान्य. पण दोन्ही वेळा गेटबाहेर जमलेले घरचे लोक सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले, आत काय चाललंय एवढं तरी सांगा म्हणून ओरडणारे.

कारखानदार मंडळी, तुम्हाला काय वाटतं तेही मला माहीत आहे, तुमच्यातच राहिलोय मी. तुम्ही म्हणाल गेटवर असं सगळं लिहून लावलं तर उद्या गाववाले मोर्चा घेऊन येतील, नसलेली भीती बसेल, कोणी ब्लॅकमेल करेल. मग मध्य प्रदेशातल्या पिथमपूरचं बघा. भोपाळचा तोच कचरा, ३३७ टन, २०२५ च्या १ जानेवारीला रात्री १२ कंटेनरमध्ये भरून पोलीस बंदोबस्तात, ग्रीन कॉरिडॉर करून तिकडं नेला. लोकांना नीट काही सांगितलं नाही. ३ जानेवारीला गाव रस्त्यावर, दगडफेक, लाठीमार, दोन माणसांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. मग हायकोर्टात सरकारनं लोकांना विश्वासात घ्यायला वेळ मागितला, ६ आठवडे मिळाले, त्यानंतर दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि जूनच्या अखेरीपर्यंत उरलेला सगळा जाळून झाला. कचरा तोच, भट्टी तीच. आधी सांगितलं असतं तर हा एवढा तमाशा झाला असता का? नंतर तिथली राख आणि उरलेला भाग कुठं ठेवायचा यावरही लोकांनी प्रश्न विचारले, विचारणारच, एकदा विश्वास गेला की प्रत्येक गोष्टीवर विचारणार.

गुपिताचं म्हणाल तर तुमचा फॉर्म्युला कोणी मागत नाही. ड्रममध्ये जळणारं आहे, का पाण्यानं भडकणारं, का श्वासातून मारणारं, आणि किती आहे, एवढंच.

साहेब, एका दिवसात सगळं होणार नाही हे मलाही कळतं. सुरुवात बुटीबोरीपासून करा, तिथंही आधी कॉमन फॅसिलिटी आणि आजूबाजूचे दहा-बारा मोठे साठे, उन्हाळा लागायच्या आत. दोन पानांचा नमुना जिल्ह्यानं एकच ठरवून द्यावा म्हणजे प्रत्येक जण आपलं डोकं चालवणार नाही. लिहिताना गावातल्या दोन-चार लोकांना वाचून दाखवा, ज्यांना कळलं नाही ती ओळ बदला. धोक्याचा भोंगा शिफ्टच्या भोंग्यापेक्षा वेगळा ठेवा आणि तो ग्रामसभेत एकदा वाजवून दाखवा, मोबाइलवर रेकॉर्ड करून दिला तरी चालेल, आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगपेक्षा काहीतरी कामाचं फिरेल. शाळेच्या हेडमास्तरांना आणि आशाताईंना पहिले बोलवा, कारण गावात खरी बातमी त्यांच्याकडूनच पसरते.

लोकल क्रायसिस ग्रुपच्या पुढच्या मीटिंगची तारीख बुटीबोरी नगरपरिषदेच्या आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींच्या बोर्डावर लावा. मी येतो. मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी द्या, चहा माझा मी पिऊन येईन. आणि येताना आमच्या बाजूच्या शेडवरचे चार नंबर लिहून आणणार आहे, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकून लावून पाहू.

आपला,
बुटीबोरीचा एक रहिवासी, एमआयडीसीतून रिटायर झालेला स्टोअरकीपर

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रादेशिक कार्यालय, नागपूर, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, नागपूर, एमआयडीसी अग्निशमन केंद्र, बुटीबोरी, आणि आमच्या पट्ट्यातले सगळे सरपंच